मनुकांचा वास

तासगाव,
१६ जुलै २०२५

साळूबाई विहीणबाई यांस, पद्मावतीचा नमस्कार.

सोमवारपासून तुम्हाला सात वेळा फोन लावला. उचलला नाहीत. मग म्हटलं, पत्रच लिहावं. तुमचे सुभेदार वीस वर्षं सरहद्दीवर होते आणि तुम्ही पत्रांवर संसार केलात, असं रेश्मा सांगत असते. आलेलं पत्र न उघडता ठेवणं फौजीच्या बायकोच्यानं व्हायचं नाही, एवढं मी ओळखून आहे.

पहिली गोष्ट, नातू बरा आहे. दुसरी गोष्ट, तो आता माझ्या घरी आहे आणि इथंच राहणार आहे.

मलकापूरच्या दवाखान्यात चारचौघांत मी बोलले ते तुम्हाला लागलं. हातातला चहा बाकावर तसाच ठेवून तुम्ही चालत्या झालात. पण मी खोटं काय बोलले ते सांगा. बाळंतपणाला लेक माहेरी येते ती सव्वा महिना, फार तर तीन. तुम्ही सहा महिने ठेवून घेतलीत. सहा महिने रोज सकाळी माझ्या नातवाला पायांवर आडवा घालून तुम्ही तेलानं रगडलात. मग सदऱ्याची बाही उलटी होऊन आत जावी तसं त्याचं आतडं आतड्यात शिरलं, तर मी कुणाचा हात म्हणू? माझा हात तर त्याच्या अंगाला धड लागलाही नव्हता.

डॉक्टरांनी दार उघडून विचारलं, "बाळाची आजी कोण?" आणि तुम्ही उठलात. मी पण आजीच आहे. पण मी उठेपर्यंत दार लागलं होतं. आत तुम्हाला आणि रेश्माला त्यांनी पंधरा मिनिटं काय समजावलं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. मी बाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसले होते.

आता आमच्या जिनेशचं ऐका. गिऱ्हाईक येवो, पाहुणा येवो, हा सांगत सुटतो, "माझ्या सासूबाईंनी ओळखलं म्हणून पोरगं वाचलं." घरातली सगळी म्हणत होती पोट दुखत असेल, ओवा चावून फुंकर घाला. आणि तुम्ही म्हणालात म्हणे, "रडतंय त्याचं काय न्हाई, मधी गप होतंय त्याचं मला भ्या वाटतंय." आणि पोराला पदराखाली घेऊन रस्त्यावर जाऊन जीप अडवलीत. सोनोग्राफीवर बघत बघत मागच्या वाटेनं पाणी सोडलं, आतडं जागेवर आलं, टाकासुद्धा पडला नाही. हे सगळं मला पाठ झालंय.

मीही काही कमी नाही, साळूबाई. चाळीस वर्षं बेदाण्याच्या घरात काढलीत. डोळे मिटून मूठभर माल नाकाशी धरला, तर कुठल्या शेडवरचा आणि किती दिवसांचा ते सांगते. व्यापारी अजून "वहिनी, जरा हुंगून बघा" म्हणत माझ्यापुढं नमुना धरतात. पण या नाकाचं कौतुक माझ्या पोरानं कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

आणखी एक. त्याचं नाव सन्मती आहे, दाखल्यावर तेच लिहिलंय. तुम्ही शंभू, शंभू करून ठेवलंत. परवा मी "सन्मती, सन्मती" अशा दहा हाका मारल्या, तो पंख्याकडं बघत राहिला. रेश्मा स्वयंपाकघरातून नुसतं "शंभू" म्हणाली आणि त्यानं गर्रकन मान वळवली.

तुमची गोधडी परत पाठवतेय. मधोमध सुभेदारांच्या वर्दीचा तुकडा लावलाय तो छान आहे, पण इथं उकडतं. सोबत दोन किलो बेदाणा आहे, तो तेवढा ठेवून घ्यावा.

पद्मावती


तासगाव,
२८ जुलै २०२५, दुपारी साडेबारा

साळूबाई,

गोधडी तुम्ही ठेवून घेतलीत, पत्राला उत्तर नाही. असू दे. आज मी निवांत आहे म्हणून लिहितेय. आज घरात मी आणि माझा नातू, तिसरं कुणी नाही.

रेश्माची रजा संपली, ती आजपासून शाळेत रुजू झाली. सकाळी घाईघाईनं त्याला अंघोळ घातली, लंगोट बदलला, दूध काढून ठेवलं आणि निघाली. दारातून चार वेळा मागं वळली. "आई, जरा जरी किरकिरला तरी फोन करा. आणि रडता रडता मधेच गप्प व्हायला लागला तर लगेच करा." तुमचंच वाक्य. माझ्या घरात आता तुमची वाक्यं नांदतात. मी म्हटलं, "बाई गं, दोन पोरं वाढवलीत मी, जा तू."

सकाळी त्याला शी जरा कडक झाली. आमच्याकडं अशा वेळी काळ्या मनुका भिजवून त्याचं पाणी चमचाभर पाजतात. जिनेशला पाजलंय, त्याच्या बापाला पाजलंय. पण मी ते दिलं नाही बरं का. दुधाशिवाय काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. रेश्मानं तसं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय, जणू मी परीक्षेला बसलेय.

थांबा, रडतोय.

एक वाजून दहा मिनिटं. पाय पोटाशी घेऊन रडला. दात येत असतील, हिरड्या सुजल्यात. खांद्यावर घेतलं आणि तुमच्या त्या अंगाईसारखं काहीतरी म्हटलं. मला गाता येत नाही, पण गप्प झाला. बघा, माझ्याकडंही गप्प होतो.

दीड. परत तसंच. दूध ओकला. परत शांत. मी म्हटलं ना, दात.

पावणेदोन. रडला. यावेळी दोन मिनिटांतच गप्प केला. मला आता हातवळा आलाय.

अडीच. लंगोट बदलला, धुऊन दोरीवर टाकून आले. विशेष काही नाही.

तीन. झोपलाय. मांडीवर नव्हे, छातीवर. मान माझ्या गळ्याशी, अंग अगदी सोडून दिलंय. साळूबाई, सहा महिन्यांत हा पहिल्यांदा माझ्याकडं असा झोपलाय. नाहीतर घेतलं की पाठीची कमान करायचा, दाराकडं बघायचा. मी हलणारसुद्धा नाही. पाटावर कागद ठेवून एका हातानं लिहितेय म्हणून अक्षर असं आहे. फोन वाजला होता, बहुतेक रेश्माचा. उठायला लागलं असतं, म्हणून उचलला नाही.

एक विचारायचं होतं. ते रडणं तुम्हाला नेमकं कसं ओळखू आलं? दुखण्याचं रडणं आणि दातांचं रडणं यांत फरक काय? सहज विचारतेय.

चार. अजून झोपलाय. मधे कण्हला. हातपाय गार लागतायत, पंखा कमी केला.

पाच. परत एकदा ओकला, हिरवट. डोळे उघडले नाहीत.

फाटक वाजलं. रेश्मा आली. उरलेलं नंतर लिहीन.


तासगाव,
११ ऑगस्ट २०२५

साळूबाई,

बेदाण्याची पेटी एसटीनं परत आली. दोरीसुद्धा सोडली नाहीत. बरं.

हे पत्र मागं घेण्यासाठी आहे, म्हणून जपून लिहितेय. सांगलीच्या डॉक्टरांनी यावेळी मला आत बोलावलं. मी विचारलं, पहिल्यांदा झालं ते तेलानं रगडल्यामुळं का? ते म्हणाले, "आजी, हे कुणाच्या हातानं होत नाही. आणि एकदा सुटलं तरी दहातल्या एखाद्या बाळाला परत होतं. म्हणूनच लक्ष ठेवायला सांगितलेलं असतं." म्हणजे तुम्हाला मलकापूरला त्या पंधरा मिनिटांत हेच सांगितलं असणार. तर तुमच्या हाताला मी जे बोलले, ते मागं घेते. हे एक वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले.

त्या संध्याकाळचं तुम्हाला माहीतच आहे. रेश्मानं दप्तर खाली ठेवलं, त्याला माझ्याकडून घेतलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं मला काही विचारलं नाही, तुम्हाला फोन लावला. तुमचा आवाज मला लांबून ऐकू आला. "बोलत बसू नगा. उचला आन् निघा." जिनेशनं गाडी काढली, पाऊण तासात सांगली. दोनदा पाणी सोडून बघितलं, आतडं हललं नाही. मग ऑपरेशन. आतल्या आतड्याचा थोडा भाग काळा पडला होता, तेवढा काढावा लागला. एवढ्याशा पोटावर चार बोटांची शिवण. तीन तास आधी आणला असतात तर पाण्यानंच झालं असतं, डॉक्टर म्हणाले.

तुम्ही कडेगावहून आलात तेव्हा मी सकाळपासूनची उपाशी होते. सूर्य बुडाल्यावर आम्ही पाणीही घेत नाही, हे लक्षात ठेवून तुम्ही दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या माझ्यासाठी गरम पाणी आणलंत. मी ते प्याले, पण तुमच्याकडं बघितलं नाही. त्याला शुद्ध आल्यावर नर्सनं दारातून विचारलं, "आजी कोण?" आपण दोघीही उठलो. मग मी बसले. तुम्ही आत गेलात आणि त्याचं रडणं थांबलेलं मला बाहेर ऐकू आलं.

आता रेश्माचं. डॉक्टरांनी विचारलं होतं, लाल, बुळबुळीत शी झाली होती का? एवढा वेळ गेलाय म्हणजे झालीच असणार. मी सांगितलं, माझ्याकडं झाली नाही. मग जिनेशच म्हणाला की सकाळचा लंगोट हिनं बदलला होता, घाईत बघितला नसेल. पुढं त्याची जीभ सुटली. पहिल्याच दिवशी पोर टाकून गेलीस, पगार महत्त्वाचा, वगैरे. नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण पडू नये म्हणून मी पडले नाही. दवाखान्यातून ती पोराला घेऊन परस्पर तुम्ही आणलेल्या जीपमध्ये बसली. मी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

जीपमध्ये चढताना तिनं मला विचारलं, "आई, सकाळचा लंगोट मी नीट बघितला नसेन का हो?"

मी म्हटलं, "असेल बाई. घाईत होतीस."

ती नोकरी सोडणार आहे असं कळलं. पोरगी गुणी आहे, थोडी घाईची आहे इतकंच. झालं ते झालं. जिनेशचा राग उतरेल, तोवर तिला समजवा आणि पोराला घेऊन या. तो तुमच्याकडं नीट झोपतो का? झोपत असेलच.

पद्मावती


तासगाव,
८ सप्टेंबर २०२५

साळूबाई,

आज आमची क्षमावणी. दहा दिवसांचं पर्व संपलं की आम्ही सगळ्या ओळखीच्यांना कार्ड पाठवतो. कळत-नकळत मनानं, वाचेनं, शरीरानं आपलं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. दरवर्षी शंभर कार्डं छापून येतात, मी शंभर पाकिटांना डिंक लावते आणि माझं काम झालं. तुमचं कार्ड यासोबत आहे. त्यातला "नकळत" मी पेनानं खोडलाय.

यंदा मी दहाच्या दहा दिवस उपवास केला, नुसत्या पाण्यावर. काल पारण्याला बायका पाया पडायला आल्या, पुण्यवान म्हणाल्या. जिनेश माझ्या ताटाशेजारी बसला होता. तो म्हणाला, "आई या वयात दहा दिवस राहिली, आणि हिला एका लंगोटाकडं बघायला दोन मिनिटं झाली नाहीत." माझा घास हातात राहिला. मी त्याला तिथंच, सगळ्या बायकांच्या पुढं सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

यासोबत दुसरंही एक पत्र आहे, अठ्ठावीस जुलैचं. ते मी टाकलं नव्हतं, फाडलंही नव्हतं. त्यातल्या वेळा बघा. रेश्माला दाखवा. ती कुठं चुकली ते त्यात शोधा, सापडायचं नाही.

मनुकांचं पाणी मी दिलं होतं. अकरा वाजता, दोन चमचे. भिंतीवरचा कागद वाचून झाल्यावर दिलं. तुमच्या लेकीनं मला काय शिकवावं, असा विचार मनात होता. डॉक्टर म्हणाले त्या पाण्यानं हे दुखणं येत नाही. मी नंतर सांगलीला एकटीच जाऊन विचारून आले. तेव्हा ते पाप तेवढं नाही. पाप पुढं आहे.

अडीच वाजता लंगोट उघडला तर लाल-काळं, बुळबुळीत. मला पहिल्यांदा वाटलं मनुकांचा रंग उतरला. आणि भीती वाटली ती पोराची नाही, रेश्माची. तिनं हे बघितलं तर पाणी पाजल्याचं तिला कळेल, ती तुम्हाला सांगेल, आणि मग माझ्याकडं पोर परत कुणी ठेवणार नाही. म्हणून मी तो लंगोट नळाखाली धरला. इथवर मी जिनेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे आई, तुला मनुका वाटल्या, चूक झाली." पोरगं अजून माझ्या बाजूनं होतं. तिथं थांबले असते तर भागलं असतं.

पण तो लंगोट नळाखाली धरण्याआधी मी नाकाशी नेला होता. सवयीनं. चाळीस वर्षांची सवय आहे, हातात येईल ते मी हुंगते. त्याला मनुकांचा वास नव्हता, साळूबाई. रक्ताचा होता. मला अडीच वाजता कळलं होतं.

रेश्मा साडेपाचला आली.

मधले तीन तास काय केलं, ते त्या पत्रात आहे. मी त्याला छातीवर घेऊन बसले. रेश्माचा फोन वाजला तो उचलला नाही. मी स्वतःला सांगत होते की बघू, जरा बघू, झोपून उठला की बरा होईल. खरं असं की तो पहिल्यांदा माझ्या अंगावर असा निपचित पडला होता आणि मला ते हवं होतं. फोन केला असता तर तुम्ही आला असतात आणि तो तुमच्याकडं गेला असता. तीन तास तो माझा होता. त्याचं आतडं आत काळं पडत होतं आणि मी हलत नव्हते, त्याची झोप मोडेल म्हणून.

हे ऐकल्यावर जिनेश ताटावरून उठला. अजून माझ्याशी बोललेला नाही. उद्या सकाळी तो कडेगावला येतोय, हे पाकीट त्याच्याच हाती देतेय. अठ्ठावीस जुलैचं पत्र त्यानं वाचलंय. तो रेश्मापुढं काय बोलेल ते मला माहीत नाही, पण त्याला दारातून परत पाठवू नका. तिला नोकरी सोडू देऊ नका. सकाळच्या लंगोटात कडक शी होती, एवढंच. मीच तो धुतला होता, त्यात लाल काही नव्हतं.

माझ्यावर पोर सोपवा असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन झालं तरी कधीमधी तिसऱ्यांदा होऊ शकतं. तेव्हा जवळ कोण असेल ते कुणी सांगावं? मी असेन. म्हणून एवढं मागते, मला ते रडणं शिकवा. दुखण्याचं कुठलं, दातांचं कुठलं. मी तुमच्या ओसरीवर बसेन, त्याला हात लावणार नाही, नुसतं ऐकेन. शंभूच म्हणेन.

क्षमा मागताना खोटं लिहू नये, म्हणून हेही लिहिते. माझा मत्सर गेलेला नाही. दहा उपवासांनी गेला नाही. आत्ता हे लिहितानाही मनात येतं की या वेळी तुम्ही त्याला पायांवर घेऊन अंघोळ घालत असाल, ती गोधडी शेजारी पसरली असेल, आणि आतून कळ उठते. मग थांबते. घटकाभर मी अगदी शहाण्यासारखी असते. मग परत उठते.

तेव्हा मी तुमच्या ओसरीवर येऊन गप्प बसले, तर बरी झाली असं समजू नका. मधल्या गप्प बसण्याचं भ्या धरायचं असतं, हे तुम्हीच सांगितलंय. माझ्यावर लक्ष ठेवा.

पद्मावती